एका मंडळीतली अनेक पाचारणं

श्रोतेहो, नमस्कार.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा आठवडा अनेक देशांत ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह म्हणून पाळला जातो. १९०८ सालापासूनची ही प्रथा. आपल्याकडच्या शहरांतही या दिवसांत कॅथलिक फादर प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येऊन बोलतात, मेथडिस्ट पाळक चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या चर्चमध्ये प्रार्थना चालवतात, एखाद्या संध्याकाळी संयुक्त उपासना होते आणि मग चहा-बिस्किटं. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे ख्रिस्ती एकच दिसतात. एकाच प्रभूला मानणाऱ्यांना एकीसाठी वेगळा आठवडा कशाला हवा, असं त्याला वाटेल. पण हवा. आमच्यात दोन अनोळखी माणसं भेटली की नाव-गाव विचारून झाल्यावर तिसरा प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या मंडळीचे?"

या प्रश्नाचं उत्तर सोपं करण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या नागपुरात झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, उभं राहिलं. त्यात अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, ब्रदरन आणि डिसायपल्स होते, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते आणि प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल लोकांचं १९२४ सालीच एक झालेलं युनायटेड चर्च होतं. बोलणी सुरू झाली होती १९२९ साली, लखनौला. म्हणजे ४१ वर्षं! दक्षिणेतल्या मंडळ्यांनी १९४७ च्या सप्टेंबरातच आपलं जमवलं होतं. उत्तरेला त्यानंतर आणखी २३ वर्षं लागली.

एवढा वेळ का लागला? अँग्लिकनांचं म्हणणं, बिशपांची परंपरा येशूच्या प्रेषितांपासून अखंड चालत आली आहे, तिच्याशिवाय धर्मसेवकाची दीक्षा पुरी कशी? काँग्रिगेशनल म्हणणार, आमच्या गावची मंडळी स्वतःची मुखत्यार आहे, वरचा बिशप हवाच कशाला? बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, बाकीचे देतात. यातून काढलेली वाट मला आजही शहाणपणाची वाटते. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती ठेवल्या. आणि नागपूरच्या त्या उपासनेत सगळ्या परंपरांच्या धर्मसेवकांनी प्रार्थना करून एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवले. तुझी आधीची दीक्षा खोटी, असं कोणी कोणाला म्हटलं नाही. तुझ्याकडे जे आहे ते मला मिळो, माझ्याकडे जे आहे ते तुला मिळो, असा त्या कृतीचा भाव होता.

सगळे आले नाहीत. अमेरिकन परंपरेचं मोठं मेथडिस्ट चर्च वाटाघाटीत असूनही ऐन वेळी बाहेर राहिलं. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीतला वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यांचं विलीनीकरण कायद्याच्या कसोटीला उतरत नाही, असा निकाल २०१३ साली लागला. एकीच्या गोष्टीत जमिनी आणि इमारती असतात, हे विसरून चालत नाही.

पण माझा आजचा मुद्दा थोडा वेगळा आहे. ती ४१ वर्षं बहुतांशी एकाच प्रश्नावर खर्च झाली, वेदीपाशी कोणी उभं राहायचं आणि कोणाच्या अधिकारानं? खाली बाकांवर बसणाऱ्यांच्या पाचारणाबद्दल, म्हणजे देवानं त्यांना ज्या कामासाठी बोलावलं त्याबद्दल, कोणाचं भांडण नव्हतं, कारण त्याची चर्चाच फारशी नव्हती.

आता थोडं मागे जाऊ या. बरंच मागे, इसवी सनाच्या पन्नाशीत, ग्रीसमधल्या करिंथ नावाच्या बंदरी शहरात. तिथल्या मंडळीला प्रेषित पौलानं लिहिलेलं पत्र नव्या करारात आहे, आणि एकीवर प्रवचन करायचं झालं की त्यातला बारावा अध्याय हमखास उघडला जातो. शरीर एक, अवयव अनेक. डोळा हाताला म्हणू शकत नाही, मला तुझी गरज नाही. आम्ही तो इतक्या वेळा ऐकला आहे की वाचणारा सुरू झाला की ऐकणारे घड्याळाकडे बघतात. त्याच्या आधीचा अकरावा अध्याय मात्र कोणी जोडून वाचत नाही, आणि खरी गंमत तिथे आहे. करिंथची मंडळी प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून एकत्र जेवायला, एखाद्याच्या घरी जमायची. ज्यांना वेळ आणि पैसा होता ते आधी येऊन जेवून-पिऊन मोकळे व्हायचे. मागून येणाऱ्या गरिबांच्या वाट्याला काही उरायचं नाही. पौलाच्या शब्दांत, एक भुकेला राहतो आणि एक मस्त, म्हणजे पिऊन धुंद, होतो. शरीराचा दाखला त्यानं या पंगतीच्या भांडणानंतर लिहिला आहे.

शरीराची उपमा काही पौलाची नव्हे. ती रोमन जगात जुनीच होती. इसवी सनापूर्वी ४९४ साली रोमचे सामान्य लोक उमरावांवर रुसून शहर सोडून गेले, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पा नावाच्या गृहस्थानं त्यांना पोट आणि हातापायांची गोष्ट सांगून परत आणलं, अशी कथा लिव्ही हा इतिहासकार देतो. पोट बसून खातं म्हणून हातांनी संप केला आणि शेवटी हातच वाळले. तात्पर्य काय, तर तुम्ही आपले राबत राहा. वरच्यांनी खालच्यांना जागेवर बसवण्यासाठी वापरलेली ही गोष्ट. पौलानं ती उचलली आणि उलटी केली. शरीराचे जे भाग आपण कमी मानाचे समजतो त्यांनाच आपण अधिक मानानं झाकतो, असं तो म्हणतो, आणि देवानंही उणं असणाऱ्याला अधिक मान दिला आहे. हे लिहिणारा माणूस स्वतः तंबू करून पोट भरत होता. करिंथमध्ये तो राहिला तोही अक्विला आणि प्रिस्किल्ला या त्याच धंद्यातल्या नवरा-बायकोच्या घरी.

हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे येतात ती आपल्या इकडची माणसं. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मिशनची शाळा चालवणारे गुरुजी आठवडाभर मुलांना बाराखडी शिकवायचे आणि रविवारी त्याच खोलीत उपासना घ्यायचे. बायबलबाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवत, बाळंतिणीपाशी बसत, शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, दोन शब्द सांगत. मिशनच्या अहवालांत पुष्कळदा यांची नावं नसतात, संख्या असते.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे अँग्लिकन मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ज्या सिस्टर्सनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झडला. मी ख्रिस्ताची आहे, पण धर्मगुरूच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही, अशी बाईंची भूमिका. शिष्य म्हणून त्या अवघड होत्या, यात शंका नाही. पण त्यांना गप्प बसवलं असतं तर केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं नसतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली केडगावला आणल्या, आणि मुक्ती मिशन कुठल्याही एका मंडळीच्या मालकीचं होऊ दिलं नाही. तिथे शेती होती, माग होते, छापखाना होता. कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून घेतलं आणि तिथल्या अंध मुलींना शिकवलं.

त्या छापखान्यात क्षणभर डोकावू या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, ते साध्या बाईला कळेल असं. ते छापायला खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवत होत्या मुक्तीतल्याच मुली आणि बायका. मराठीचे खिळे जुळवणं म्हणजे इंग्रजीच्या कितीतरी पट कटकट. काना-मात्रा, रफार, जोडाक्षरं, प्रत्येकाचा खण वेगळा, आणि प्रत्येक अक्षर उलटं वाचायचं. दुष्काळातून वाचून आलेली मुलगी हे शिकली, तिच्या हातून पान तयार झालं आणि मुद्रितं तपासायला बाईंकडे गेलं. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. भाषांतरकाराचं नाव आपल्याला ठाऊक आहे. खिळे जुळवणाऱ्या त्या हातांचं पाचारण कमी होतं, असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक तसे सर्वांना परिचित. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन रुजवलं आणि आज कुठल्याही पंथाची मराठी मंडळी असो, त्यांची भजनं म्हटल्याशिवाय उपासना होत नाही. माझ्या मते हीच आपल्याकडची सर्वांत टिकाऊ एकी आहे, तीही कुठल्या समितीशिवाय! पण याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा. अनेकांना ते पचलं नाही. पुढच्या दोन वर्षांत टिळकच गेले आणि दरबार वाढायचा राहिला. कवी टिळक मंडळीनं डोक्यावर घेतले; दरबारी टिळकांना मात्र तिनं दारातच उभं ठेवलं.

अलीकडचं नाव घ्यायचं तर वसईचे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो. कॅथलिक धर्मगुरू, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, हरित वसईच्या आंदोलनाचे नेते आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. धर्मगुरूनं पाण्याच्या आणि जमिनीच्या लढ्यात पडावं का, यावर वाद झालेच. त्यांनी केलेलं बायबलचं मराठी रूपांतर मात्र प्रोटेस्टंट घरांतूनही वाचलं जातं.

उरतो तो अवघड भाग. लग्न जुळवताना आमच्यातही मूळ जात अजून विचारली जाते, आणि विचारणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. स्त्रियांचं म्हणाल तर दक्षिणेच्या त्या एकत्रित चर्चमध्ये पहिली स्त्री-बिशप व्हायला २०१३ साल उजाडलं. आणि कॅथलिक व प्रोटेस्टंट अजूनही एकाच वेदीवरचं प्रभुभोजन अधिकृतपणे वाटून घेऊ शकत नाहीत. त्यामागे खरे मतभेद आहेत आणि एका आठवड्यात ते मिटणार नाहीत.

पण संयुक्त उपासनेची कार्यक्रमपत्रिका बदलायला कोणाची हरकत असणार आहे? दरवर्षी तिच्यावर पाच-सहा रेव्हरंड आणि फादर असतात आणि सगळे साधारण एकच भाषण करतात. या जानेवारीत एक संध्याकाळ त्यांनी सर्वांनी बाकांवर बसावं. बोलायला बोलवावं वॉर्डातल्या रात्रपाळीच्या नर्सला, संडे स्कूल चालवणाऱ्या बाईंना, तबला वाजवणाऱ्या पोराला, चर्च झाडणाऱ्या मावशींना. प्रत्येकी दहा मिनिटं, आणि मध्ये कोणी प्रास्ताविक करायचं नाही.

नमस्कार.