न्यूयॉर्कात नोकरी, जर्सीत घर: म्युच्युअल फंडाच्या डिव्हिडंडचा टॅक्स कुठल्या स्टेटला?

नमस्कार मंडळी! टॅक्स सीझन आला की एक प्रश्न हमखास येतो, फंड कंपनीचं ऑफिस पेनसिल्व्हेनियात, मी राहतो एडिसनला, नोकरी मॅनहॅटनला, मग डिव्हिडंड तीन-तीन स्टेटला दाखवायचा का? अहो नाही! कंपनी कुठली का असेना, तुम्ही जिथले रेसिडेंट त्या स्टेटला डिव्हिडंडचा टॅक्स, म्हणजे इथे न्यू जर्सीला.

पगाराचं तसं नाही, ऑफिसात जाऊन काम करता तर न्यूयॉर्क तो सोडत नाही, म्हणून आयटी-२०३, म्हणजे न्यूयॉर्कबाहेर राहणाऱ्यांचा स्टेट टॅक्स फॉर्म, भरावा लागतो. त्यात दोन कॉलम आहेत बघा, फेडरलच्या कॉलममध्ये डिव्हिडंड येणार आणि न्यूयॉर्कच्या कॉलममध्ये शून्य. आता गंमत अशी की न्यूयॉर्क आधी सगळ्या इन्कमवर टॅक्स काढतं आणि मग आपल्या वाट्याचं प्रमाण लावतं, म्हणजे डिव्हिडंडला थेट हात लावला नाही तरी त्याच्यामुळे रेट वर सरकू शकतो. चिडून उपयोग नाही, नियमच तसा आहे. आणि न्यूयॉर्कला भरलेल्या टॅक्सचं जर्सीत क्रेडिट, म्हणजे सूट, मागाल ते पगारावरचं, डिव्हिडंड त्यात घुसडू नका.

वर्षाच्या मधेच स्टेट बदललंत तर? समजा जुलैत जर्सी सोडून डॅलसला गेलात. लोक सरळ डिव्हिडंडचे दोन भाग करतात, अर्धा इकडे अर्धा तिकडे. तसं नसतं हो! डिव्हिडंड मिळाला तेव्हा जिथे राहत होतात त्या स्टेटचा तो, म्हणजे मार्च आणि जूनचा डिव्हिडंड जर्सीचा, सप्टेंबर-डिसेंबरचा टेक्सासचा, आणि टेक्सासला इन्कम टॅक्सच नाही. त्यात बऱ्याच फंडांचं कॅपिटल गेनचं (फंडाने शेअर विकून कमावलेल्या नफ्याचं) मोठं वाटप डिसेंबरात येतं, म्हणजे अर्धं-अर्धं करून तुम्ही जर्सीला फुकटचे पैसे देऊन बसता. फंड कंपनी पाठवते त्या १०९९ फॉर्मवर बॉक्स १ए मध्ये डिव्हिडंडची फक्त वर्षाची बेरीज असते, म्हणून स्टेटमेंट उघडून तारखा बघाच.

अजून एक, ट्रेझरीवाले मनी मार्केट फंड, म्हणजे अमेरिकन सरकारचे कमी मुदतीचे बाँड घेणारे फंड. सरकारी बाँडच्या व्याजावर स्टेट टॅक्स लागत नाही, फंडातून आलं तरी. फंडाच्या डिव्हिडंडमध्ये असं व्याज किती, ती टक्केवारी कंपनीच्या साइटवर मिळते, समजा ९० टक्के आहे, तर १००० डॉलर डिव्हिडंडमधले ९०० स्टेट रिटर्नमध्ये वजा करायचे. फक्त कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कनेक्टिकटवाल्यांनो, तुमच्याकडे प्रत्येक क्वार्टरच्या शेवटी फंडात निदान ५० टक्के सरकारी बाँड लागतात, नाहीतर वजावट शून्य. आणि १०९९ इम्पोर्ट केला म्हणून सॉफ्टवेअरला हे कळतं असं नाही, तो आकडा बऱ्याचदा आपणच टाकावा लागतो.

भारतातल्या फंडांचं पीएफआयसी (परदेशी फंडांवरचे अमेरिकेचे खास टॅक्स नियम) प्रकरण फारच किचकट आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.