फोल्डरातला फोल्डर: सावद्याच्या पेढीवरचा जुना संगणक

(दृश्य: जळगाव जिल्ह्यातले सावदा. केळीच्या एका पेढीची मागची खोली, कोपऱ्यातल्या टेबलावर जुना संगणक.)

या पेढीत हिशेबाच्या लाल चोपड्यांशेजारी विंडोज ९५ वर चालणारा एक संगणक अजून जपून ठेवलेला आहे. मॉनिटरचे प्लास्टिक पिवळे पडले आहे, पण बटन दाबले की तो आजही कुरकुरत सुरू होतो. त्याच्या सी ड्राइव्हमध्ये ‘केळी’ नावाचा फोल्डर आहे. त्यात वर्षे, वर्षांत गावे, गावांत महिने आणि महिन्यांत एकेका ट्रकचा हिशेब. घडाला फण्या आणि फणीला केळी, तशीच ही मांडणी आहे.

(दृश्य: पडद्यावर एकामागून एक उघडणाऱ्या खिडक्या.)

ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या या प्रणालीत, मूळ सेटिंग बदलले नसेल तर, प्रत्येक फोल्डर स्वतःच्या नव्या खिडकीत उघडतो. त्यामुळे माय कॉम्प्युटरपासून निघून सी, केळी, वर्ष आणि गाव ओलांडून मे महिन्यापर्यंत पोहोचेतो पडद्यावर सहा खिडक्यांची चळत लागते. बहुतेक जण त्या एकेक करून बंद करीत बसत. वास्तविक शिफ्टची कळ दाबून धरून सर्वांत आतल्या खिडकीच्या फुलीवर क्लिक केले, तर ती खिडकी आणि तिच्या वरच्या सगळ्या खिडक्या एकदम मिटतात. ही सोय कोणत्याही मेन्यूत दिसत नाही, म्हणून ती ज्याला कोणी दाखवली त्यालाच ठाऊक असे.

(दृश्य: कीबोर्डवरची बोटे, जवळून.)

खरा वेग मात्र एक्सप्लोरर या विंडोजच्याच फाइली पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये आहे. डाव्या बाजूला फोल्डरांची उतरंड दिसते, उजवा बाण दाबला की फोल्डर उलगडतो, आणि डावा बाण दाबला की तो मिटतो किंवा आपण एक पायरी वर येतो. ‘केळी’वर उभे राहून आकड्यांच्या पॅडवरील गुणाकाराची फुली दाबली, की त्याच्या पोटातली सगळी गावे आणि सगळे महिने एका झटक्यात समोर पसरतात. हीच कळ चुकून सी ड्राइव्हवर दाबली, तर विंडोजचे सगळे अंतरंग उलगडत बसते आणि तेवढ्या वेळात चहा पिऊन होतो. गाव शोधण्यासाठी यादी सरकवण्याचीही गरज नाही. नावाची पहिली दोन अक्षरे लागोपाठ दाबली की निवड थेट त्या गावावर जाते.

(दृश्य: जुन्या मॅकिंटॉशचा पडदा.)

ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाने फोल्डरातल्या फोल्डरांच्या याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. १९८४ च्या पहिल्या मॅकवर फोल्डर हा केवळ देखावा होता, कारण डिस्कवर सगळ्या फाइली एकाच सपाट यादीत असत. खरी उतरंड १९८५ मध्ये आली. पुढे १९९७ च्या मॅक ओएस ८ मध्ये फाइल ओढत नेऊन फोल्डरवर क्षणभर थांबवली, की तो आपोआप उघडू लागला आणि त्याच्या आतला फोल्डरही तसाच. आमच्या मते या काळातली सर्वांत देखणी सोय हीच.

(दृश्य: पुन्हा सावदा. काळ्या पडद्यावर डॉसच्या ओळी.)

या पेढीवर फोल्डर लावणारा माणूस मात्र डॉसवर, म्हणजे नावाला आठच अक्षरे देणाऱ्या विंडोजआधीच्या प्रणालीवर, शिकलेला असावा, कारण त्याने एकाही फोल्डरचे नाव आठ रोमन अक्षरांपुढे जाऊ दिलेले नाही. रावेर, चिनावल आणि निंभोरा त्यात सहज बसतात. अडचण येते ती खिर्डी बुद्रुक आणि खिर्डी खुर्द या दोन गावांची. पूर्ण नावे दिली असती, तर डॉसमध्ये दोन्हींची पहिली सहा अक्षरे तेवढी उरली असती आणि पुढे एक व दोन असे आकडे लागले असते. बुद्रुकचा माल कोणता आणि खुर्दचा कोणता, हे त्यावरून कळले नसते. म्हणून त्याने खिर्डीच्या सहा अक्षरांपुढे एकीकडे बी-के आणि दुसरीकडे के-एच एवढेच जोडले. दोन्ही नावे बरोबर आठ अक्षरांची झाली.