प्रोटियसचं कुळ कसं बदललं

(दृश्य: मॅकाँकी अगारच्या दोन प्लेट)

मॅकाँकी अगार म्हणजे जीवाणू वाढवायचं एक माध्यम. डावीकडे ई. कोलाय हा जीवाणू. हा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवतो, म्हणून वसाहती गुलाबी. उजवीकडे प्रोटियस, हाही जीवाणूच. याला लॅक्टोज पचत नाही, वसाहती रंगहीन. तरी वर्षानुवर्षं दोघे नांदले एकाच कुळात: एन्टेरोबॅक्टेरिएसी. 2016 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी जीनोम (जीवाणूचा सगळा डीएनए) ताडून पाहिले आणि त्या एका कुळाची सात कुळं केली. प्रोटियस गेला मॉर्गनेलेसीत. सेराशिया आणि येर्सिनिया येर्सिनिएसीत. ई. कोलाय, क्लेब्सिएला, साल्मोनेला जुन्याच घरी राहिले.

(दृश्य: पडद्यावर डीएनएच्या क्रमांची जुळवणी)

आधी नातं ठरवायला भरवसा होता 16एस या एकाच जनुकावर, सुमारे 1,500 बेसच्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या. पण या जीवाणूंमध्ये तो इतका सारखा असतो की कुळांच्या फांद्या नीट सुटतच नाहीत. त्यात ई. कोलायमध्ये त्याच्या सात प्रती, आणि त्याही सगळ्या तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही.

म्हणून अख्खा जीनोम. प्रत्येक बेस सरासरी किमान 50 वेळा वाचला जावा. वाचलेले तुकडे जोडून झाले की आधी भेसळ तपासायची: एकच प्रत असायला हवी अशी जनुकं दोन-दोनदा दिसली, तर नळीत दुसरा जीवाणू शिरलाय. ही पायरी गाळली की वंशवृक्ष देखणा येतो आणि चुकीचा असतो. मग सगळ्यांत सापडणारी प्रथिनं जुळवायची. 2016 च्या त्या अभ्यासात ती 1,548 होती.

वृक्षाला दुजोरा देतात प्रथिनांतल्या खुणा: ठरावीक जागी काही अमिनो आम्लं जास्त किंवा कमी, आणि तीही फक्त एकाच कुळात. खुणेच्या दोन्ही बाजूंचा भाग न बदललेला हवा. नाहीतर ती जुळवणीतली चूकही असू शकते.

(दृश्य: परीक्षानळी, फेरिक क्लोराइडचे थेंब, हिरवा रंग)

जुन्या चाचण्या मात्र टाकाऊ ठरल्या नाहीत. फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लाची ही चाचणी प्रोटियस, मॉर्गनेला, प्रोव्हिडेन्सिया या तिघांत हिरवी येते, आणि जीनोमनेही तिघांना एकाच कुळात बसवलं. शिगेला या जीवाणूचं उलट आहे. जनुकांच्या हिशेबाने तो ई. कोलायच; वेगळं नाव टिकलं ते दवाखान्याच्या सोयीसाठी.

अमेरिकेतल्या सीएलएसआय या मानक संस्थेने 2020 पासून आपल्या प्रतिजैविक-चाचण्यांच्या तक्त्यांत कुळाऐवजी एन्टेरोबॅक्टेरेलीस हे गणाचं, म्हणजे ही सातही कुळं ज्यात येतात त्या मोठ्या गटाचं, नाव घेतलं. त्यामुळे दोन वर्षांचे प्रतिजैविक-रोधाचे आकडे शेजारी ठेवण्याआधी शीर्षक वाचा: जुन्या एन्टेरोबॅक्टेरिएसीत प्रोटियस आणि सेराशिया मोजलेले असतात, नव्या, लहान झालेल्या एन्टेरोबॅक्टेरिएसीत नसतात.