गुरांमागे गेलेली शाळा

(निवेदन)

ब्रिटिश अधिकारी मेकॉलेचं हिंदुस्थानातल्या शिक्षणाविषयीचं टिपण १८३५ सालचं. रक्ताने हिंदी, पण आवडीनिवडीने आणि विचाराने इंग्रज असा वर्ग घडवायचा, हे त्यात उघड लिहिलेलं आहे. त्यावर आपण पुष्कळ बोलतो. पण त्या राजवटीत रुजलेला शाळेचा साचा मात्र सहज अंगवळणी पडला. ठरलेली वेळ, चार भिंती, हजेरीपट. जो येत नाही, तो गैरहजर.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी या साच्यालाच हात घातला.

१९४५ मध्ये डहाणूजवळ बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. ताराबाई माँटेसरी पद्धतीच्या, म्हणजे मुलाने साधनं हाताळत स्वतः शिकायचं. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी ती राबवली होती. पण माँटेसरीच्या साधनांचा संच महाग, खेड्याला न परवडणारा. त्यांनी पद्धत ठेवली आणि साधनं गावातलीच घेतली. मोजायला बिया आणि खडे, लहानमोठं लावायला शिंपले, रंग ओळखायला पानंफुलं. मूल त्यांच्याशी काय करतं ते बघायचं आणि पुढचा पाठ त्यावरून ठरवायचा. माझ्या मते हे अस्सल शिक्षणसंशोधन होतं.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. भोवती वारली आदिवासींचे पाडे. मुलं शाळेत येत नव्हती, कारण घरी त्यांना काम होतं. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाकडे गुरं. मग बालवाडी पाड्यावरच्या अंगणात भरू लागली. तान्ह्यांसाठी पाळणाघर जोडलं गेलं. आणि गुराख्यांसाठी निघाली कुरणशाळा. गुरं चरतायत, शिक्षक मुलांबरोबर रानात. झाडं, पाखरं, ओढा, सगळं अभ्यासाला. कुठला पाला गुरांना चालतो, हे मुलांनी सांगायचं. त्याच बोलण्यातून शिक्षकाने अक्षरांकडे, आकड्यांकडे वळायचं. रानातल्या पोराला काहीच येत नाही, हा समज तिथे टिकूच शकत नव्हता.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि देशभर अंगणवाड्या उघडल्या. आहार आला, लसीकरण आलं. त्यांचं मोल फार मोठं आहे. पण आजही पाड्यावरची एखादी सेविका मुलांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलते, मोहाच्या बिया मोजायला देते, तेव्हा तिला जे उमगतं ते तिच्यापाशीच राहतं. तिच्या रजिस्टरात वजनाचा रकाना आहे, उंचीचा आहे. मुलाने आज काय विचारलं, याचाही रकाना हवा. आणि तो वाचून पुस्तक बदलणारं कुणीतरी वर बसलेलं हवं.