नाणी तोलणारा गणिती आणि केंब्रिजचं नवं कॉलेज

मंडळी, आजचा विषय ‘एमआयटीचं कम्प्युटिंग कॉलेज’ असा जाहीर झालाय. एमआयटी म्हणजे अमेरिकेतली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. त्यावर मी बोलणार आहेच, पण आधी थोडं कोसंबींबद्दल बोलू द्या. पुण्यात उभं राहून गणित आणि इतर विषयांच्या मैत्रीबद्दल बोलायचं आणि गणितज्ञ-इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही.

पुढे बसलेल्यांनी कोसंबींचा इतिहास वाचलाय. मागे जेनेटिक्सचे विद्यार्थी असतील, तर त्यांनी ‘कोसंबी मॅप फंक्शन’ वापरलंय. हे दोन वेगळे कोसंबी आहेत असं कुणाला वाटत असेल, तर आज तेवढा गैरसमज जरी दूर झाला तरी माझं काम झालं. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, याचा अंदाज बांधायचं सूत्र त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलं. जनुकांचे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही त्यांच्या नावाचा पर्याय असतो. संस्कृत कवी भर्तृहरीच्या शतककाव्यांची चिकित्सक आवृत्ती काढणारेही तेच.

मला मात्र सर्वांत आवडते ती त्यांच्या नाण्यांची गोष्ट. कोसंबी तेव्हा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. संख्याशास्त्र स्वतः शिकायचं तर हाताशी खराखुरा प्रश्न हवा, म्हणून त्यांनी आधी विद्यार्थ्यांच्या परीक्षेतले गुण घेतले आणि मग नाण्यांकडे वळले. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांत चांदीची आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेली, नाणी आहेत. त्यांच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही, नुसत्या ठशांच्या खुणा. मग आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे कसं ठरवायचं?

कोसंबींनी तराजू घेतला. नाणं हातोहात फिरतं, तसं ते झिजतं. पण एकच नाणं तोलून काही कळत नाही, कारण एखादं कुणीतरी पुरून ठेवलेलं असतं, तर एखादं रोज बाजारात फिरलेलं. एका प्रकारची पुष्कळ नाणी तोलली, की सरासरी वजन जुनेपणाबरोबर घटत जातं आणि वजनांतली तफावत वाढत जाते. हे खरं का, ते बघायला त्यांनी त्या काळी चलनात असलेली नाणीही तोलली. त्यांच्यावर साल छापलेलं असतं, त्यामुळे ताळा करता येतो. ताळा जमला! मग ते तक्षशिलेच्या नाण्यांकडे गेले. नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक खुणा असतात. जितक्या खुणा जास्त, तितकं वजन कमी, असं त्यांना दिसलं. म्हणजे नाणं चलनात असताना सराफ-सावकार ते पारखून आपली खूण उमटवत असणार. त्या खुणांमधून बाजार बोलायला लागला. या सगळ्याचा लेख १९६६ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये आला. त्याच वर्षी ते गेले.

आता यात गणित कुठे संपलं आणि इतिहास कुठे सुरू झाला, सांगा बरं. नुसत्या गणितज्ञाला मागच्या खुणा मोजाव्यात हे सुचलं नसतं, आणि नुसत्या नाणेतज्ज्ञाला तफावत कशी वाढते हे पाहावंसं वाटलं नसतं. दोन्ही एकाच डोक्यात होतं म्हणून ते घडलं.

पण अशा माणसाने बसायचं कुठे? माझ्या परिचयाच्या एका संशोधिकेने भूजलाच्या नोंदींवर संख्याशास्त्राचं फार सुरेख काम केलं. बढतीच्या वेळी संख्याशास्त्राची समिती म्हणाली, हे भूशास्त्र आहे. भूशास्त्रवाले म्हणाले, हे तर संख्याशास्त्र. काम दोघांनाही आवडलं होतं, हे विशेष. तिने शेवटी ती वाट सोडली आणि चारचौघींसारखे पेपर लिहू लागली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. भूजलाचा तो प्रश्न तसाच पडून आहे.

चिठ्ठी आलीय, वेळ थोडाच उरलाय. तर एमआयटी.

कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवी घेऊन निघाले, ते हार्वर्ड अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचं. त्याच शहरात एमआयटी आहे. तिथे शिकवणाऱ्या गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा स्नेह होता. त्या एमआयटीने ऑक्टोबर २०१८ मध्ये नव्या कॉलेजची घोषणा केली. एकूण संकल्प १ अब्ज डॉलरचा, त्यातले ३५ कोटी डॉलर अमेरिकी गुंतवणूकदार स्टीफन श्वार्झमन यांचे. नावही त्यांचंच. पहिले डीन डॅन हटनलॉकर. काम २०१९ मध्ये सुरू झालं. इमारत २०२४ मध्ये उघडली, तिचे फोटो तुम्ही पाहिले असतील, त्यावर वेळ घालवत नाही.

माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाचा आकडा ५० हा आहे. प्राध्यापकांच्या ५० नव्या जागा, आणि त्यांतल्या निम्म्या इतर विभागांशी जोडलेल्या. म्हणजे माणूस अर्थशास्त्राचाही आणि कम्प्युटिंगचाही, आणि हे दोन्ही त्याच्या नेमणुकीतच लिहिलेलं. त्या वेळचे अध्यक्ष राफाएल राइफ म्हणाले होते की उद्याचे द्विभाषिक घडवायचे आहेत, एक भाषा आपल्या विषयाची आणि दुसरी कम्प्युटिंगची. त्याची सुरुवात शिक्षकांपासून व्हायला हवी होती, ती तिथे झाली.

अभ्यासक्रमातली एकच गोष्ट सांगतो. मशीन लर्निंगचा, म्हणजे संगणकाने माहितीवरून शिकण्याचा, एक विषय तिथे दोन तुकड्यांत शिकवतात. पहिला तुकडा सगळ्यांना सारखा, अल्गोरिदमचा. दुसरा ज्याच्या त्याच्या विभागाचा: मेकॅनिकलच्या मुलाला मेकॅनिकलचे प्रश्न, मटेरियल्सच्या मुलीला मटेरियल्सचे, आणि शिकवायला त्या त्या विभागातला माणूस. आपल्याकडे सरसकट सगळ्यांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवून ‘आंतरविद्याशाखीय’चा शिक्का मारतात, त्याने हे साधत नाही. प्रश्न विभागातून आला पाहिजे. कम्प्युटिंगच्या नीतीचा विचारही तिथे वेगळ्या पेपरात कोंडलेला नाही, तो चालू विषयांतच पेरायचा प्रयत्न आहे.

या जोड-जागांचा कस लागतो तो बढतीच्या वेळी. त्या समितीत दोन्ही विषयांची माणसं हवीत. कोणत्या कामाला किती वजन हे नेमणुकीच्या पत्रातच लिहून द्यायला हवं, सहा वर्षांनी ठरवून चालत नाही. पुण्या-मुंबईत, नागपुरात, गोव्यात अशी कॉलेजं निघतील तेव्हा उद्घाटनाला जाणाऱ्यांनी इमारत पाहायच्या आधी ते पत्र मागून वाचावं. त्यात दुसऱ्या विभागाचं नाव नसेल, तर संचालकांना तिथेच, सगळ्यांसमोर विचारावं.