माळेतले बारा पांढरे मणी

स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं हे कालनिर्णय बघा, एका तारखेभोवती पेनाने बारीकसा गोल केलाय, कसला ते घरातल्या बायकांना न सांगता कळतं. गौरी-गणपतीत अडचण येईल का, पूजेला बसता येईल का, हा हिशोब आपल्या आई-आज्यांनी जन्मभर ठेवला. पण तीच तारीख मूल कधी हवं आणि कधी नको हे ठरवायलाही कामी येते, हे त्यांना कुणी धड सांगितलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तसा सरकारने प्रयत्न केला होता. १९५१ मध्ये आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांना गर्भनिरोधक साधनं पसंत नव्हती, म्हणून तारखा मोजून गर्भधारणा टाळण्याची पद्धत शिकवायला जागतिक आरोग्य संघटनेतर्फे अमेरिकन डॉक्टर अब्राहम स्टोन भारतात आले, मग दिल्लीतली लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथे बायकांना ते दिवस मोजायला रंगीत मण्यांच्या माळा दिल्या, पण ते काही रुजलं नाही.

ही आताची माळ, अमेरिकेच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेली. ३२ मणी आणि एक छोटी रबरी रिंग. पाळी आली की रिंग लाल मण्यावर, मग रोज एक मणी पुढे. आठव्या दिवसापासून एकोणिसाव्यापर्यंत मणी पांढरे, म्हणजे त्या दिवसांत गर्भ राहू शकतो, मूल नको असेल तर तेव्हा संबंध टाळायचा. स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम एक दिवस जगतं, मग बारा दिवस कशाला? कारण पुरुषाचे शुक्राणू आत पाच दिवससुद्धा टिकतात, आणि बीज सुटतं पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, आता पुढची पाळी नेमकी कधी येणार हे आधी कुणाला माहीत असतं?

आणि हे सगळ्यांना चालत नाही हां. पाळी २६ ते ३२ दिवसांनीच येणारी हवी. पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा त्रास असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, बाळ अंगावर पीत असेल तर या माळेच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना विचारा. अगदी काटेकोर पाळलं तरी वर्षभरात शंभरातल्या पाचेक जणींना दिवस जातात, एरवी बाराएक जणींना.

त्या एरवीमध्येच खरी गोम आहे, रिंग पांढऱ्या मण्यावर असते, तिला ठाऊकही असतं, आणि नवरा म्हणतो एखाद्या वेळी काय होतंय गं. म्हणून माळ देताना त्यालाही शेजारी बसवावं, आणि ते बारा मणी त्याच्याकडूनच मोजून घ्यावेत.