पोटाचा घेर आधी, वजन नंतर

(जळगावात सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, गर्भातल्या बाळाचं वजन कुठलंही मशीन करत नाही. मशीन मापं घेतं, वजन हिशेबातून निघतं. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी ही ती चार मापं. अमेरिकी डॉक्टर हॅडलॉक यांचं १९८५ चं सूत्र आजही असंख्य मशीनमध्ये चालतं. कृत्रिम बुद्धिमत्ता बहुतेक ठिकाणी त्या सूत्राच्या आधीचं काम करते: कवटीची, पोटाची कड ओळखून कॅलिपर, म्हणजे पडद्यावरच्या मापाच्या खुणा, स्वतः लावते. एकाच चित्रावर दोन डॉक्टरांची मापं वेगळी येतात, तो फरक त्यामुळे मिटतो.

चित्र मात्र आपणच देतो. एक हिशेब करून पाहा. डोक्याची रुंदी ८.८, घेर ३२, मांडीचं हाड ६.६ आणि पोटाचा घेर ३१ सेंटिमीटर. सूत्रातून येतात साधारण २५३५ ग्रॅम. बाकी तसंच ठेवून पोटाचा घेर ३० धरा, वजन २४०५ च्या आसपास येतं. एका सेंटिमीटरने बाळ २५०० ग्रॅमच्या, म्हणजे कमी वजनाच्या, रेषेखाली गेलं.

म्हणून सगळा जीव पोटाच्या छेदात, म्हणजे ज्या चित्रावर घेर मोजतो त्यात, ओता. छेद अगदी आडवा हवा. त्यात जठराचा काळा बुडबुडा दिसावा, नाळेकडून आलेली शीर यकृतात आखूड दिसावी, मूत्रपिंडं दिसू नयेत. शीर लांबलचक दिसली तर छेद तिरका आहे, आणि तिरक्या छेदात घेर फुगतो. प्रोब, म्हणजे आईच्या पोटावर फिरवायचं यंत्र, जोरात दाबला की बाळाचं गोल पोट चपटं होतं. गर्भजल कमी असेल किंवा फासळीची सावली पडली असेल, तर कड पुसट होते आणि सॉफ्टवेअर ती अंदाजाने जोडतं. पडद्यावर रेष मात्र तितकीच ठाम दिसते! दरवेळी ती रेष त्वचेच्या बाहेरच्या कडेवरून फिरते का, हे डोळ्यांनी तपासा. तीन वेगळी चित्रं घ्या आणि सरासरी काढा. एकच चित्र तीनदा मोजण्याला अर्थ नाही.

आता आपल्या भागाची खरी अडचण. ग्रॅम काढायला गर्भाचे आठवडे माहीत असावे लागत नाहीत, पण ते ग्रॅम कमी की पुरेसे, हे आठवड्यांवरच ठरतं. 'पाळी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी चार दिवस आली होती' ही आठवण मोलाची आहे, कॅलेंडरवर तारीख काढून लिहून घ्या. पहिल्या १४ आठवड्यांत डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजली, तर चूक पाच-सात दिवसांची. पहिली सोनोग्राफी २८ आठवड्यांनंतर झाली, तर तीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाते. नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याची बाई ऊसतोडीला गुजरातेत गेली की मधली तपासणी हुकते. ती निघण्याआधीच पहिली सोनोग्राफी व्हावी आणि कागद तिच्या हातात असावा. वाढ पाहायची तर दोन तपासण्यांत किमान दोन, शक्यतो तीन आठवडे जाऊ द्या. त्याहून लवकर केलेल्या तपासणीत मापातली चूकच वाढ म्हणून दिसते.

अंदाजात दहा टक्के इकडे-तिकडे होणं नेहमीचं आहे. २५०० ला २५० ग्रॅम झाले. रिपोर्टवर हा पल्ला लिहा आणि बाईलाही सांगा.

सॉफ्टवेअर घेतलं म्हणून गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा सैल होत नाही. नोंदणीकृत केंद्र, पात्र डॉक्टर आणि त्या कायद्याखाली सोनोग्राफीची नोंद करायचा एफ फॉर्म लागतातच.

आणि एक वही ठेवा. प्रसूतीआधी सात दिवसांच्या आत सोनोग्राफी झालेल्या बाळांचं जन्मवजन प्रसूतिगृहातून मागवा आणि अंदाजाशेजारी लिहा. पन्नासेक नोंदी झाल्या की फरक एकाच बाजूला झुकतो का, ते दिसेल. झुकत असेल तर आधी पोटाच्या छेदांची जुनी चित्रं काढून बघा.